जपानी लाकूडठशांतली बाई आणि तिच्या भोवतीचा निसर्ग

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतरांनाही कळेल. वाचनकट्ट्यावर तुम्हाला जपानी ठशांबद्दल, म्हणजे लाकडाच्या फळीवर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांबद्दल, वीस मिनिटं बोलायचंय. चित्रं जमवताना तुमच्या लक्षात आलं की जिकडे तिकडे बाई आणि फूल, बाई आणि चंद्र, बाई आणि बर्फ. हे आपल्या नायिकाभेदासारखंच, म्हणजे काव्यात आणि चित्रांत नायिकांचे जे ठरलेले प्रकार असतात तसंच आहे का, की 'स्त्री म्हणजेच प्रकृती' असं त्या लोकांना म्हणायचंय, हे तुम्हाला हवंय. आणि ताजा कलम म्हणून, नणंदेच्या दिवाणखान्यातली 'बर्फातली छत्रीवाली' अस्सल आहे का.

मी कलेतिहासाची अभ्यासक नाही, कारागीर आहे. सव्वीस वर्षं लाकूड कोरते, त्यातली शेवटची पंधरा जपानी पद्धतीनं, म्हणजे पाण्याचे रंग, तांदळाची खळ आणि हातानं घासून छापणं. हात बसावा म्हणून जुन्या ठशांच्या नकला बऱ्याच कोरल्या. नक्कल करताना प्रत्येक रेघ 'ही इथे का?' असं विचारत कोरावी लागते, त्यामुळे नुसतं बघून सुटलेल्या काही गोष्टी पटाशीनं शिकवल्या. माझं उत्तर तिथून येतंय.

उत्तर परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हेही सांगून टाकते. 'जपानी ठसे' म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्याच्या शेवटापर्यंत चाललेला धंदा. १७६५ चा ठसा आणि १८५७ चा ठसा यांत दोन-तीन पिढ्यांचं अंतर आहे. कोणासाठी छापला यानं अर्थ बदलतो. आणि तुम्ही बघताय तो छाप किती विटलाय, यानं तर चित्रातला ऋतूसुद्धा बदलू शकतो. त्याकडे येतेच.

मला वाटतं गोंधळ 'निसर्ग' या शब्दापाशी आहे. आज जपानीत निसर्गाला 'शिझेन' म्हणतात. शब्द जुना आहे, पण पाश्चात्त्य अर्थानं 'निसर्ग' म्हणून तो रुळला मेजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे. एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, ठसे काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात 'इकडे माणूस, तिकडे निसर्ग' असे दोन कप्पे नव्हते. त्याच्याकडे फुलं होती, पक्षी, वारा, चंद्र होते; प्रत्येकाचा महिना ठरलेला, प्रत्येकाला चिकटलेल्या कविता ठरलेल्या. त्यामुळे या चित्रांत निसर्ग बहुतेक वेळा तारीख सांगायला येतो, नाहीतर पत्ता सांगायला, नाहीतर एखादी कविता आठवून द्यायला. बाईचा स्वभाव सांगायला तो फार कमी वेळा येतो.

तारखेचं तर अक्षरशः घ्या. सुझुकी हारुनोबू या चित्रकाराचा १७६५ चा 'युदाची' म्हणून एक ठसा आहे. युदाची म्हणजे अचानक आलेली सर. वाळत घातलेला किमोनो काढायला एक तरुण मुलगी धावतेय, वाऱ्यानं तिचे कपडे फडफडतायत, घाईत पायातली एक खडाव निसटून मागे पडलीय. श्रावणात दोरीवरचे कपडे काढायला धावलेल्या कोणालाही हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. पण त्या वाळत घातलेल्या किमोनोची नक्षी नीट बघा. ती नक्षी नाही, अक्षरं आहेत. त्या वर्षातले 'मोठे' महिने कोणते ते तिथे लपवलंय.

भानगड अशी होती. जपानचं तेव्हाचं पंचांग चांद्र होतं. काही महिने तीस दिवसांचे, काही एकोणतीसचे, आणि क्रम दरवर्षी वेगळा. कोणता महिना मोठा हे दुकानदारापासून सगळ्यांना लागायचं, पण पंचांग छापण्याचा हक्क ठरावीक परवानाधारकांकडेच. मग एदोतल्या हौशी, पैसेवाल्या रसिकांनी शक्कल काढली. चित्रात महिन्यांचे आकडे लपवून ते ठसे एकमेकांना भेट द्यायचे, आणि ओळखा पाहू म्हणायचं. १७६५ मध्ये या खेळाला ऊत आला. आपलं चित्र दुसऱ्यापेक्षा सरस हवं म्हणून खर्चाकडे कोणी बघेना, आणि त्या चढाओढीतूनच दोन-तीन रंगांवर अडलेला ठसा पूर्ण रंगीत झाला. 'निशिकी-ए' म्हणजे जरतारी चित्र हे त्याचं नाव. म्हणजे ज्या चित्रांत आपण आज 'स्त्री आणि पाऊस यांचं काव्य' शोधतो, त्यांतलं हे एक चक्क कॅलेंडर होतं. काव्य त्यात आहेच. मी फक्त म्हणतेय की पाऊस तिथे मुलीचं मन दाखवायला आलेला नाही. पाऊस आल्यावर मुली जे करतात ते ती करतेय, आणि त्या धांदलीत चित्रकारानं आपलं काम उरकून घेतलंय.

हारुनोबूचंच दुसरं उदाहरण तुमच्या भाषणात जरूर घ्या, कारण ते सांगायला मजा येते. चीनमध्ये श्याओ आणि श्यांग नद्यांच्या परिसरातली आठ दृश्यं चित्रकारांनी आणि कवींनी शतकानुशतकं रंगवली: वाळूवर उतरणारे हंस, परतणारी शिडं, सरोवरावरचा शरदाचा चंद्र, रात्रीचा पाऊस, नदीवरचा संध्याकाळचा बर्फ, दूरच्या देवळाची सांजघंटा वगैरे. जपानी सुशिक्षित माणसाला ही यादी पाठ. हारुनोबूनं १७६६ च्या सुमारास 'झाशिकी हाक्केई' म्हणजे बैठकीच्या खोलीतली आठ दृश्यं काढली, आणि ती अख्खी नदी घरात आणली. कोतो या तेरा तारांच्या वाद्याच्या घोड्या तिरक्या रांगेत असतात, ते झाले उतरणारे हंस. दांडीवर वाळत टाकलेला टॉवेल हे परतणारं शीड. आरशाच्या स्टँडवरचा गोल आरसा हा शरदाचा चंद्र. चहाच्या किटलीतल्या उकळत्या पाण्याचा आवाज हा रात्रीचा पाऊस. साच्यावर ताणलेला रेशमी कापूस हा बर्फ, आणि घड्याळाचे टोले ही देवळाची घंटा. चित्रात फक्त बायका आहेत, घरातली कामं करणाऱ्या, केस विंचरणाऱ्या.

याला 'मिताते' म्हणतात. एका गोष्टीत दुसरी बघायची. आपल्या श्लेषाच्या जवळ जाणारं, पण डोळ्यांनी खेळायचं. इथे बाई निसर्गाचं प्रतीक नाही, आणि निसर्ग बाईचं प्रतीक नाही. बघणाऱ्याला कविता किती येतात त्याची ही परीक्षा आहे. आठापैकी एकाही चित्रात खरी नदी नाही, हा विनोद ज्याला कळला तो पास.

आता तुमच्या नायिकाभेदाकडे. साम्य आहे, ते नाकारणार नाही. आपल्या लघुचित्रांत अभिसारिका, म्हणजे प्रियकराला भेटायला जाणारी नायिका, निघाली की वीज चमकते, साप आडवे येतात. विरहिणीच्या मागे ढग दाटतात. शास्त्राच्या भाषेत ते उद्दीपन, भाव चेतवणारं. हारुनोबूच्या बायकांचे चेहरे तर सगळे एकाच साच्यातले, बाहुलीसारखे. चेहऱ्यावरून भाव वाचायला जावं तर हाती काही लागत नाही. मग भाव कुठे? वाऱ्यानं उडालेल्या पदरात, कंदिलाच्या उजेडात, बर्फाच्या ओझ्यानं वाकलेल्या फांदीत. इथवर दोन्हीकडचे चित्रकार एकमेकांना ओळखतील.

फरक गिऱ्हाइकाचा आहे. आपली लघुचित्रं बहुतांशी दरबारासाठी, एकेक हातानं रंगवलेली. हे ठसे बाजारासाठी. चित्रकार रेखाटन करायचा, कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि या तिघांच्या वर पैसा लावणारा प्रकाशक. साध्या ठशाची किंमत एखाद-दोन वाडगी नूडल्सच्या आसपास. प्रकाशकाला काय विकायचंय हे विचारल्याशिवाय या चित्रातलं एकही फूल मला पुरतं कळलेलं नाही. १७७० च्या दशकात कोर्युसाई या चित्रकारानं सुरू केलेली आणि पुढे कियोनागा या दुसऱ्या चित्रकारानं चालवलेली एक लांबलचक मालिका आहे, शंभराहून जास्त ठशांची. तिच्या नावातच 'कोवळी पालवी' आहे. पण विषय काय? योशिवारातल्या नामांकित गणिका नव्या वर्षाच्या नव्या नक्षीचे किमोनो घालून उभ्या. किमोनोचं कापड, ते घालणारी बाई आणि ती ज्या घरात राहते ते घर, अशी तिहेरी जाहिरात. पालवी म्हणजे इथे फॅशनचा ताजा माल.

योशिवाराचं नाव निघालंच आहे तर तिथे थांबावं लागेल, कारण तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात कडू उत्तर तिथे आहे. योशिवारा हा एदोतला सरकारमान्य वेश्यावस्तीचा भाग. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर तो शहराच्या कडेला, आसाकुसाच्या मागच्या भातखाचरांत हलवला. भोवती खंदक, यायला-जायला एक मोठा दरवाजा. मुली लहानपणी करारानं विकल्या जात, आणि करार संपेपर्यंत त्यांना मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नसे. आता या वस्तीच्या मुख्य रस्त्याचे, नाकानोचोचे, ठसे बघा: दोन्ही बाजूंना बहरलेल्या चेरीची झाडं, खालून चाललेली नटलेली मिरवणूक. डोळे दिपतात. ती झाडं तिथली नव्हती. दरवर्षी तिसऱ्या महिन्यात फुलायच्या बेतातली झाडं बाहेरून आणून रस्त्यात लावायचे, आणि बहर ओसरला की उपटून न्यायचे. झाडं आत येत आणि महिन्याभरात बाहेर जात.

हे मला माहीत नव्हतं तोवर मी ही चित्रं 'स्त्री आणि वसंत' म्हणूनच बघायचे. कळल्यानंतर त्यातल्या एकाची नक्कल मी अर्ध्यात सोडली. ठसा वाईट होता म्हणून नाही, मला तो छापताना गोड वाटेना म्हणून. तुम्ही हे भाषणात सांगायचं की नाही ते श्रोते बघून ठरवा. मी असते तर सांगितलं असतं, आणि चित्र दाखवून झाल्यावर सांगितलं असतं.

कितागावा उतामारोबद्दल लोकांना एक चुकीची कल्पना असते की हा फक्त बायकांच्या चेहऱ्यांचा चित्रकार. त्याचं नाव गाजलं त्यात १७८८ च्या किड्यांच्या चित्रपुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकानं ते काढलं. नाकतोडे, चतुर, साप, बेडूक, आणि प्रत्येक पानावर या प्राण्यांच्या नावानं लिहिलेल्या प्रेमाच्या चहाटळ कविता. उतामारोचे गुरू सेकिएन यांनी शेवटी लिहिलंय की हा पोरगा लहानपणी चतुराला दोरा बांधायचा, तळहातावर रातकिडा घेऊन बघत बसायचा. (चतुराला दोरा आपणही बांधलाय. तो उद्योग दोन्हीकडे सारखाच क्रूर.) मग चार-पाच वर्षांनी हाच माणूस बायकांचे मोठे चेहरे काढू लागला, तेव्हा त्यानं काय केलं? मागचं झाड, नदी, आकाश सगळं काढून टाकलं आणि अभ्रकाची चमकती सपाट पार्श्वभूमी दिली. किड्याकडे ज्या बारकाईनं बघितलं त्याच बारकाईनं मानेवरच्या बटेकडे. निसर्ग चित्रातून गेला, पण बघण्याची सवय राहिली. तरी पानं-फुलं पुरती सुटली नाहीत. १७९३ च्या सुमाराचा त्याचा तीन सुंदरींचा ठसा बघा: चेहरे जवळजवळ सारखे, आणि कोण कोणती हे ओळखायचं कपड्यावरच्या चिन्हावरून. चहाच्या दुकानातल्या ओकिताचं चिन्ह किरी नावाच्या झाडाचं, ओहिसाचं ओकची तीन पानं, तोयोहिनाचं प्रिमरोझचं फूल. इथे पान-फूल म्हणजे ओळखपत्र.

आता थोडं माझ्या कामातलं. तुमच्या विषयावर यातून जास्त बोलता येईल असं मला वाटतं.

ठसा छापायला लागते ती फळी डोंगरी चेरीच्या लाकडाची. घट्ट, बारीक रेषेची, हजारो छाप काढले तरी कड न मोडणारी. कागद कोझो या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या सालीचा. कोरण्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे कपाळाच्या कडेचे केस. जिथे कातडी संपून केस सुरू होतात तिथली एकेक बट सुटी ठेवायची, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकायचं. पूर्वी डोकं आणि चेहरा कोरायचं काम वर्षानुवर्षं उमेदवारी केलेल्या मुख्य कारागिराकडेच असे; कपड्यांची नक्षी शिकाऊ पोरांकडे. हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराच्या पावसाच्या रेषा कोरायला घेतल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातात तेच कसब लागतंय. लांब, बारीक, न थरथरणारी, न तुटणारी रेघ. बाईचे केस आणि पाऊस माझ्या मनगटाला एकच वाटतात. प्रतीक वगैरे म्हणायचं असेल तर मी एवढंच मान्य करेन.

बर्फाचंही तसंच. हारुनोबूचा एक प्रसिद्ध ठसा आहे, बर्फात एका छत्रीखाली चाललेलं जोडपं, तो काळ्यात, ती पांढऱ्यात, कावळा आणि बगळा म्हणतात तसे. छापलेल्या पुस्तकात तिचा किमोनो नुसता कोरा पांढरा दिसतो. प्रत्यक्षात चांगल्या छापात त्यावर रंग न लावता फळी दाबून उठवलेली नक्षी असते, आणि बर्फही तसाच कागद फुगवून केलेला. याला काराझुरी म्हणतात, कोरडा ठसा. समोरून बघितलं तर काही नाही. कागद हातात धरून खिडकीकडे तिरका केला की सगळं उगवतं. हे ठसे हातात धरून बघायची वस्तू होती, भिंतीवर लावायची नव्हे. काचेमागे गेल्यावर बाईच्या अंगावरचं वस्त्र आणि जमिनीवरचा बर्फ दोन्ही नाहीसे होतात.

आणि रंग. मराठी श्रोत्यांना हे हमखास जवळचं वाटेल. ओठांचा आणि किमोनोच्या अस्तराचा तो लाल गुलाबी रंग, बेनी, येतो करडईच्या फुलांतून. आपण जिचं तेल काढतो तीच करडई. आपल्याकडचा कुसुंबी रंग तोच. एदोतल्या बायका ओठांनाही बेनीच लावत. म्हणजे चित्रातल्या बाईच्या ओठांवर आणि चित्र विकत घेणारीच्या ओठांवर एकाच फुलाचा रंग. पिवळ्यासाठी इतर गोष्टींबरोबर हळद. आणि १८३० च्या आधीच्या पुष्कळ ठशांतला निळा येतो त्सुयुकुसा नावाच्या फुलातून. आपल्या शेतात पावसाळ्यात तण म्हणून माजणारा, काहीजण ज्याची भाजी करतात तो केना, त्याचीच ही चुलत बहीण. पाकळ्यांचा रस कागदात मुरवून ठेवायचा आणि लागेल तेव्हा पाण्यानं सोडवून घ्यायचा. अडचण अशी की जो रंग पाण्यानं सुटतो तो पुन्हा पाण्यानं जातोच. मी एकदा हौसेनं हा निळा वापरून नदी छापली. जुलै महिना, पुण्याची दमट हवा, आणि माझं बोट किंचित ओलं. नदीला पूर आला.

हा निळा उजेडानंही जातो, आणि जाताना मळकट पिवळसर छटा मागे ठेवतो. करडईचा लालही उडतो, आणि दोन्ही मिसळून केलेला जांभळा तपकिरी होतो. म्हणून हारुनोबूच्या चित्रांत आपल्याला आज जे मातकट, उदास आकाश किंवा पाणी दिसतं आणि ज्यावर 'जपानी विषण्णता' म्हणून निबंध लिहिले जातात, ते अनेकदा मुळात निळंशार किंवा जांभळं होतं. विटलेल्या रंगावरून भाव ठरवू नका. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सला १९२१ मध्ये स्पॉल्डिंग बंधूंनी सहा हजारांहून जास्त ठसे दिले, ते कधीही प्रदर्शनात मांडायचे नाहीत या अटीवर. उजेड न लागल्यानं त्यांचे रंग टिकले. त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर बघता येतात. भाषणासाठी चित्रं शक्यतो तिथून घ्या.

मघाशी मी म्हटलं की निसर्ग बाईचा स्वभाव सांगायला क्वचित येतो. क्वचित म्हणजे कधी, तेही सांगते. उतामारोनं यामाउबा आणि किंतारो यांचे बरेच ठसे काढले. यामाउबा ही डोंगरात राहणारी रानटी बाई, दंतकथेतली; किंतारो हा तिनं वाढवलेला दांडगा लालबुंद पोरगा. ती त्याला दूध पाजते, चेस्टनट देते, तो तिच्या अंगावर लोंबकळतो. आणि तिचे केस मोकळे, विस्कटलेले, पाठीवर सोडलेले. उतामारोच्या शहरी बायकांचा एकेक केस तेल लावून, कंगवे खोचून बसवलेला असतो. त्यांच्या शेजारी हे चित्र ठेवलं की 'रानातली बाई' म्हणजे त्या लोकांच्या मनात काय होतं ते न बोलता कळतं. तुमचं 'स्त्री म्हणजे प्रकृती' कुठे असेल तर इथे आहे.

दुसरा अपवाद समुद्रात बुडी मारून अबलोन नावाचे शिंपले काढणाऱ्या बायकांचा, आमांचा. उतामारोचा तीन कागदांचा ठसा आहे, होकुसाई या चित्रकारानंही १८३५ च्या सुमारास शंभर कवींच्या मालिकेत त्या काढल्या. कष्टकरी बाई आणि खरा समुद्र, असं वाटतं. पण ओले केस, उघडं अंग आणि लाल वस्त्र हे शहरातल्या पुरुष गिऱ्हाइकासाठी आहे, हेही दिसतं. इतक्या शब्दांत सोडून देते.

तिसरी मात्र मला मनापासून आवडते. चियो ही कागा प्रांतातली अठराव्या शतकातली कवयित्री. तिची हायकू प्रसिद्ध आहे: सकाळी विहिरीवर गेले तर पोहऱ्याला फुलांची वेल वेढून बसलेली, म्हणून शेजारून पाणी मागून आणलं. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत हायकू वाचणारे तुमच्या कट्ट्यावर कोणी ना कोणी असेलच, त्यांना ती ठाऊक असेल. ठशांत चियो विहिरीपाशी दिसते. योशितोशी या चित्रकारानं १८८५ ते १८९२ या काळातल्या आपल्या चंद्राच्या शंभर चित्रांत तिची दुसरी गोष्ट घेतली: बादलीचा तळ निसटला, पाणी सांडलं, पाण्यातला चंद्रही गेला. या चित्रांत बाईकडे आपण बघतोय त्यापेक्षा ती कशाकडे बघतेय हे महत्त्वाचं होतं. योशितोशीचीच १८८८ ची बत्तीस बायकांची मालिका मिळाली तर तीही बघा. एकीच्या डोळ्यांत धूर जातोय आणि ती मान वळवून डोळे मिटतेय, एक गारठलीय, एक मच्छरदाणीतून बाहेर येतेय आणि तिला खाज सुटलीय. थंडी, धूर, डास हा पण निसर्गच, फक्त कवितेतला नाही.

निसर्गदृश्य हा ठशांचा स्वतंत्र, जोरात खपणारा प्रकार झाला तो १८३० च्या दशकात. प्रवासाची आवड वाढली होती, न उडणारा प्रशियन निळा रंग हाताशी आला होता, होकुसाईची फुजी डोंगराची आणि हिरोशिगेची प्रवासाच्या रस्त्यांची चित्रं आली. तोपर्यंत 'बाई' आणि 'देखावा' हे दोन वेगळे माल आहेत हे प्रकाशकांना इतकं स्पष्ट होतं की १८५४ ते १८५७ मध्ये एक मालिकाच 'दोन कुंचल्यांची' म्हणून निघाली: पुढची माणसं कुनिसादा या चित्रकाराची, मागचा प्रदेश हिरोशिगेचा. एकाच कागदावर दोन दुकानं. (कुनिसादाचा १८५७ चा आणखी एक ठसा मी कित्येक वर्षं कामाच्या टेबलासमोर लावला होता, त्यात सुंदर बायका फळ्या कोरतायत, कागद ओले करतायत, छापतायत. मला वाटायचं, बघा, आमच्यासारख्या होत्या की! मग कळलं की तेही मितातेच आहे, एरवी पुरुष करायचे त्या कामाला बायका लावून केलेली गंमत. लावलेला आहे अजून.)

भाषणात वीस मिनिटांत चार चित्रांपलीकडे जाऊ नका. माझी निवड अशी: हारुनोबूची कपडे काढायला धावणारी मुलगी, बैठकीतल्या आठ दृश्यांपैकी आरशाचं किंवा कोतोचं, उतामारोची यामाउबा, आणि शेवटी हिरोशिगेचा १८५७ चा आसाकुसाच्या भातखाचरांचा ठसा. या शेवटच्यात बाई नाहीच. खिडकीत एक पांढरं मांजर बसलंय, गजांतून बाहेर बघतंय. बाहेर संध्याकाळ, दूर फुजी, उडणारे पक्षी, खाचरांतून जत्रेला निघालेली इवलीशी रांग. खिडकीच्या कट्ट्यावर टॉवेल आणि वाडगं, खाली कोपऱ्यात कागदात गुंडाळलेल्या केसांच्या पिना, जत्रेतल्या शुभ दाताळ्याच्या आकाराच्या, बहुधा कोणी गिऱ्हाइकानं आणून दिलेल्या. ही योशिवारातली खोली. श्रोत्यांना आधी फक्त मांजर दाखवा आणि बाई कुठे आहे ते त्यांनाच शोधू द्या. प्रत्येक चित्रापाशी दोनच प्रश्न विचारले तरी पुरे: हा कोणता महिना आहे, आणि हे झाड किंवा फूल आपणहून आलंय की कोणी आणून ठेवलंय.

आता नणंदेची छत्रीवाली. फोटोवरून मी सांगणार नाही, कोणी सांगितलं तर विश्वासही ठेवू नका. मी स्वतः एकदा 'जुना छाप' म्हणून चांगले पैसे मोजून घरी आणलेल्या चित्रावर भिंग धरलं, तर छपाईच्या यंत्राचे ठिपके. तुम्हीही तेच करा. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. एकसारखे बारीक रंगीत ठिपके दिसले तर ते ऑफसेटचं पोस्टर. सपाट रंग आणि त्यात कागदाचे तंतू दिसले तर पुढे जा: मागची बाजू बघता आली तर रंग मागे झिरपलेला दिसायला हवा, आणि घासण्याच्या गोलाकार खुणा. तेवढ्यानं तो हातानं छापलेला आहे हे कळेल. कधी छापलाय हे कळणार नाही, कारण जुन्या चित्रांच्या फळ्या पुन्हा कोरून छापण्याचा उद्योग जपानात विसाव्या शतकातही व्यवस्थित चालू होता, आणि त्यातले काही छाप देखणे असतात. बर्फातली छत्रीवाली हा विषय विसाव्या शतकातल्या चित्रकारांनीही आवडीनं हाताळला, त्यामुळे जुनाच असेल असं धरून चालू नका.

कसाही असो, खिडकीसमोरच्या भिंतीवरून तो आज हलवा. पुसू नका, ओलं फडकं तर अजिबात नाही. आणि चौकट उघडताना कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढायचा नाही. तशीच बंद करून कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाकडे न्या.